घरात मीटर असलेला उमेदवार

निवृत्तीनंतर आमच्या साहेबांनी स्वतःसाठी म्हणून एकच अर्ज केला, आणि तो कॉम्प्युटरवर भरून द्यायला मी त्यांच्या बीदरच्या घरी बसले होते. अर्ज होता राज्याच्या वीज नियामक आयोगाच्या सदस्यपदाचा. विजेचा दर किती असावा, कंपनीने ग्राहकाला काय द्यायलाच पाहिजे आणि ते दिलं नाही तर काय, हे सगळं ठरवणारा हा आयोग. त्यातली एक खुर्ची बरेच दिवस रिकामी पडली होती. नाव, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव असं सगळं सुरळीत भरून झालं आणि आम्ही एका रकान्यापाशी आलो. उमेदवाराचे वीज व्यवसायात काही आर्थिक किंवा इतर हितसंबंध आहेत काय? शहाणा माणूस इथे ‘नाहीत’ असं लिहून पुढे जातो. मीही विचारायच्या आधीच ‘नाहीत’ टाइप केलं.

“थांब,” साहेब म्हणाले. “हायत की.”

“काय हायत, साहेब? तुमचा कारखाना हाय का कुठं?”

“घरात मीटर हाय.”

मी हसले. ते हसले नाहीत. मीटर तर निवड समितीवरच्या न्यायाधीशांच्या घरातही असतं, असं मी सांगून पाहिलं. “त्यांच्या घरात असू दे. त्यांना कुणी इचारलं न्हाई. मला इचारलंय.” झालं. शेवटी त्या रकान्यात, ‘आहेत. माझ्या राहत्या घरी विजेचं मीटर आहे आणि दर वाढला की मला त्रास होतो,’ असं वाक्य ग्राहक क्रमांकासकट गेलं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, की या अर्जाचं काही खरं दिसत नाही.

साहेबांचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलेलं त्यांना आवडणार नाही, आणि वाचलंच तर चुका दुरुस्त करून परत पाठवतील. औरादला ते उपविभागाचे प्रमुख असताना मी त्यांच्या हाताखाली कनिष्ठ अभियंता म्हणून लागले. त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी अजून फोनवर मी ‘साहेब’ म्हटलं, की पलीकडे पेपर वाचणारा माझा नवरा खुर्चीत सरळ होऊन बसतो.

उंच, काटकुळे, आणि घरचे बसवण्णांना मानणारे. गळ्यात लिंग आणि खिशात टेस्टर, या दोन गोष्टींशिवाय त्यांना कुणी पाहिलेलं नाही. लग्नाला गेले तरी टेस्टर बरोबर. रस्त्याने चालताना त्यांची नजर कधी समोर नसायची. ते वर, तारांकडे बघत चालायचे, त्यामुळे बीदरमधल्या बऱ्याच गटारींशी त्यांची जवळून ओळख झाली होती. ट्रान्सफॉर्मर दिसला की कुंपणाबाहेर उभं राहून, डोळे मिटून त्याची गुणगुण ऐकत. मग म्हणत, “ह्याचं पोट बिघडलंय. तेल बघा.” दहातल्या आठ वेळा तेल खरंच कमी निघायचं. उरलेल्या दोन वेळा साहेब म्हणायचे, की आज न्हाई, पण उद्या कमी होणार हाय.

घरातली लाईन कधी गेली, कधी आली आणि कशामुळे गेली, हे ते वहीत लिहून ठेवायचे. यातलं तिसरं कळेपर्यंत ताटावर बसत नसत. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. अक्का म्हणायच्या, “गावाची लाईन जाती आन् माझी भाजी थंड होती. ह्या माणसाला काय म्हणावं, सांग तूच.” घरी पाहुणा आला तर त्याला पाणी द्यायच्याही आधी प्रश्न यायचा, “तुमच्याकडं लाईन कशी हाय?” तब्येतीची चौकशी नंतर, आठवण राहिली तर.

मी रुजू झाले त्या दिवशी नवी साडी नेसून, पेढ्यांचा पुडा घेऊन गेले होते. साहेबांनी पुडा लाईनमनांकडे दिला आणि माझ्या पायांकडे बघत विचारलं, “चप्पल चावती का?”

“न्हाई, साहेब.”

“मग चिंताकीच्या फीडरवर चालत जा. खांब मोजून ये.”

“रजिस्टरात लिहिलेले हायत की, साहेब.”

“रजिस्टरावर कुणी चढत न्हाई. खांबावर चढतेत.”

फीडर म्हणजे सबस्टेशनमधून गावांकडे जाणारी मोठी लाईन. ती धरून एका वयस्कर लाईनमनबरोबर मी दोन दिवस तुरीच्या आणि सोयाबीनच्या बांधांवरून चालले. साडीचा काठ फाटला, तोंड रापलं, आणि मनातल्या मनात मी साहेबांना जे काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोजणीत एक खांब कमी भरला. साहेब म्हणाले, “खांब चालत गेला व्हय? हुडक.” तिसऱ्या दिवशी तो सापडला, एका स्वयंपाकघरात. घर वाढवताना त्या लोकांनी खांब आत घेऊन भोवती भिंती बांधल्या होत्या आणि तार पत्र्यातून वर गेली होती. घरातल्या बाईने खांबाला दोरी बांधून उलथनी-पळ्या टांगल्या होत्या. मला चहा देत ती म्हणाली, “सासूच्या वेळेपास्नं हाय, बाई. आता घरचाच झालाय.”

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः तिथे आले, तोच चहा प्यायले आणि महिन्याच्या आत तो खांब बाहेर काढला. त्या बाईवर ते एका शब्दाने रागावले नाहीत. रागावले ते वरच्या ऑफिसवर, कन्नडमधून, चार पानं. इतकी वर्षं दर साली हा खांब ‘तपासला’ म्हणून सही करणारा माणूस कोण, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर आलं नाही. पण त्या दिवसापासून मी न बघता सही केलेली नाही, आणि नोकरीत मी काय कमावलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

ज्या गोष्टीमुळे त्यांचं नाव सगळ्या जिल्ह्यात झालं ती वेगळीच. खांबावर चढण्याआधी लाईनमन सबस्टेशनमधून लाईन बंद करून घेतो. ज्याने बंद करून घेतली त्यानेच खाली उतरून तसं सांगायचं, मग लाईन चालू होते, असा नियम आहे. सगळीकडे तो फोनवर पाळतात. साहेबांचा नियम याहून कडक होता. फोन नाही, कुणाच्या तोंडचा निरोप नाही. लाईनमनने स्वतः सबस्टेशनमध्ये येऊन समोर उभं राहायचं. काम मोठं असलं की साहेब स्वतः ऑपरेटरच्या स्टुलावर जाऊन बसत.

एकदा असं काम चालू असताना आमच्या भागातल्या नेत्यांची सभा होती. आज ते मंत्री आहेत, तेव्हा नुसते आमदार होते. स्पीकर बंद, पंखे बंद, समोर हजारेक माणसं घाम पुसत बसलेली. आधी कार्यकर्त्याचा फोन आला, मग पी.ए.चा. शेवटी नेते स्वतःच गाडी काढून सबस्टेशनमध्ये आले. मी तिथेच होते.

“लाईन कामून बंद हाय?”

“वर माणूस हाय,” साहेब स्टुलावरून न उठता म्हणाले.

“किती वेळ?”

“तो खाली येईपर्यंत.”

“अहो, माझी सभा हाय!”

“तो खाली उतरला की तुम्ही स्टेजवर चढा. दोघं एका वक्ताला वर नको.”

 नेते बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. अर्ध्या तासाने लाईनमन मोटारसायकलवरून आला, हात-तोंड काळं झालेला, आणि साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, “उतरलो, अप्पा.” नेत्यांनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग गाडीत बसून सभेला गेले. पण पुढे प्रत्येक भाषणात, एका गरीब लाईनमनच्या जिवासाठी मी सभा थांबवली, ही गोष्ट येऊ लागली. दर खेपेला त्यातला थांबलेला वेळ वाढत गेला आणि साहेबांचा वाटा कमी होत गेला. तरी माझं मत असं, की त्या दिवशी त्या माणसाच्या मनात साहेबांविषयी खरा आदर बसला होता. पुढे जे झालं ते बघूनही मी हे मत बदललेलं नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं देवाला जातात, साहेब आयोगाच्या सुनावणीला जायला लागले. दर वाढवायचा असला की कंपनी आयोगाकडे अर्ज करते आणि आयोग कलबुर्गीला येऊन लोकांचं म्हणणं ऐकतो. साहेब दर साली बीदरहून सकाळच्या बसने जायचे आणि आपल्याच जुन्या कंपनीविरुद्ध हरकत घ्यायचे. आम्ही नोकरीतली मंडळी कंपनीच्या बाजूला बसलेलो, आणि आमचे साहेब समोर उभे राहून आमचीच उलटतपासणी घ्यायचे. लाज वाटायची आणि छाती फुगायची, दोन्ही एकदम. एकदा अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात बोला. साहेब म्हणाले, “साहेब, चिंताकीची लाईन गेली की थोडक्यात येत न्हाई. म्हणून बोलणं पण लांबायलंय.”

त्यांची एकच जुनी हरकत होती. ट्रान्सफॉर्मर जळाला तर शहरात तो किती वेळात बदलायचा याची एक मुदत आहे आणि खेड्यात त्याच्या तिप्पट. “खेड्यातल्या माणसाला तिप्पट अंधार कामून? त्याचे डोळे मोठे हायत व्हय?” दर साली ते हे विचारायचे, दर साली आयोग ‘नोंद घेतली’ असं लिहायचा. नोंद घेऊन घेऊन साहेबांचे केस पांढरे झाले. म्हणून त्यांना ती खुर्ची हवी होती. मानासाठी नाही, बंगल्यासाठी नाही. त्या एका नियमासाठी. मला त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, “मला ती जागा पायजे. कुणी इचारलं तर न्हाई म्हणू नको. पायजे.”

पण जागा भरतच नव्हती. हा आपला माणूस, तो त्यांचा माणूस, याच्यात महिन्यामागून महिने चालले होते. एका गटाला आपला निवृत्त अधिकारी बसवायचा होता, दुसऱ्याला आपला वकील. विजेचं कुणालाच पडलेलं नव्हतं. इकडे साहेबांचं वय चाललं होतं. या जागेवर पासष्टपर्यंतच बसता येतं, आणि साहेबांनी चौसष्टी गाठली होती. ते कॅलेंडरसमोर उभं राहून म्हणायचे, “सहा महिने मिळाले तरी बास. एका नियमाला किती वेळ लागतोय?”

मग एक दिवस पेपरात आलं, की निवड समितीने सरकारकडे दोन नावं पाठवली. एक बेंगळूरच्या एका निवृत्त अधिकाऱ्याचं. दुसरं आमच्या साहेबांचं. मी ती बातमी सेक्शन ऑफिसमध्ये उभ्याने वाचली आणि मला रडू आलं. आमच्या या कोपऱ्याला बेंगळूर नकाशावर बोट ठेवून हुडकतं. तिथल्या आयोगात आमच्या औरादचे खांब मोजणारा माणूस बसणार! मी फोन केला तर अक्का म्हणाल्या, “समितीनं त्या मीटरचं इचारलं म्हण. ह्यांनी मागच्या वर्साचे युनिट पण सांगितले. समोरचा जज लई हसला म्हण.” माझा अंदाज असा साफ चुकला होता.

दोनातलं एक नाव सरकारने निवडायचं होतं. मंत्री झालेल्या आमच्या नेत्यांनी, साहेबांना न विचारता, आपल्या वजनाने शब्द टाकला. फाईल आता आपल्या बाजूने चालली आहे अशी बातमी आली आणि साहेबांच्या गावाने सत्कार ठरवला. गाव जनवाड्याच्या पुढे थोड्या अंतरावर. तो सेक्शन, म्हणजे तिथल्या लाईनींचा कारभार, तेव्हा माझ्याकडे होता. साहेब म्हणाले, हुकूम आल्याशिवाय सत्कार कसला? पण गावातल्या त्यांच्या पुतण्याने मंत्र्यांची तारीख घेऊन ठेवली होती. गावाचा मान म्हणून साहेब तयार झाले. अक्कांनी त्यांना नवा शर्ट शिवून घ्यायला लावला.

दिवेलागणीला आम्ही पोचलो. मांडव मोठा होता. कमानीवर दहा फुटी फ्लेक्स, त्यावर मंत्र्यांचा चेहरा टोपलीएवढा आणि कोपऱ्यात साहेबांचा वाटीएवढा. खाली ‘भावी सदस्य, वीज नियामक आयोग’. कमानीला, मांडवाला, शेजारच्या लिंबाला रंगीत दिव्यांच्या माळा. हलगी वाजत होती. लोक साहेबांच्या पाया पडत होते, त्यांचे जुने लाईनमन आले होते, आणि मी पहिल्या रांगेत इतक्या रुबाबात बसले होते की जणू माझंच लग्न.

साहेबांच्या गळ्यात हार पडला. त्यांनी हात जोडले आणि सवयीने वर बघितलं.

मग ते बघतच राहिले. माळेपासून निघालेली वायर त्यांच्या नजरेने धरली, ती कमानीवरून लिंबावर गेली, लिंबावरून रस्त्यापलीकडे, आणि तिथे खांबावरच्या उघड्या तारांवर दोन आकडे टाकलेले होते. मीटर नाही, परवानगी नाही. वीज आयोगाच्या भावी सदस्याचा सत्कार चोरीच्या विजेवर उजळला होता.

“टेंपररी कनेक्शन कुणी घेतलंय?” साहेबांनी पुतण्याला विचारलं.

पुतण्याला प्रश्नच कळला नाही. “कनेक्शन कशाला, अप्पा? तुमच्याच खात्याचा कार्यक्रम हाय की! लाईटवाल्याच्या सत्काराला लाईट मागून घ्यायलेत व्हय?”

त्याच्या मनात खोट नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. गावाचा समज असा, की ज्याची वस्तू त्याच्या कार्याला ती मोकळीच. कुंभाराच्या लग्नात मडकी कुणी विकत आणत नाही, तसं. आणखी कुणाच्या सत्कारात त्यांनी कदाचित जनरेटर आणला असता. साहेबांचा होता म्हणून आकडा टाकला.

साहेबांनी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि मला हाक मारली. “हितला सेक्शन तुझाच न्हवं? तक्रार लिवून घे.”

मी त्यांना बाजूला घेतलं. “साहेब, लाईनमनला सांगून आकडा काढते. कुणाला कळणार न्हाई. जनरेटर मागवू.”

“काढशील. उद्या दुसऱ्या कुणाच्या मांडवातला काढायला गेलीस तर त्याला काय सांगशील?”

“साहेब, फाईल तिकडं हाय. तुमच्या पासष्टीला सहा-सात महिने राहिलेत. आज न्हाई तर मग कधीच न्हाई.”

“मला मोजता येतंय,” ते म्हणाले. एवढंच म्हणाले. आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

मी लिहून घेतलं. तक्रारदार, साहेब. आयोजक म्हणून पुतण्याचं नाव. आणि ‘वीज कशासाठी वापरली’ या ओळीवर साहेबांनी बोट ठेवलं, “लिव. माझ्या सत्कारासाठी.” लाईनमनने वरची लाईन बंद करून आकडे उतरवले आणि सगळ्या माळा एकदम विझल्या. हलगी थांबली. कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.” पुतण्या रडायला लागला. मी पंचनाम्यावर सही करत होते त्याच वेळी मंत्र्यांची गाडी आली.

गाडीच्या दिव्यांत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. साहेबांचा हात धरून म्हणाले, “अप्पा, मागं तुम्ही मला थांबवलात, मी थांबलो. तवा मध्ये माणसाचा जीव होता. आज काय हाय मध्ये? चार माळा?”

“आज मी हाय मध्ये,” साहेब म्हणाले.

“मी तुमच्यासाठी भांडायलोय तिकडं. एवढं मिटवून टाका. परवा फाईल पुढं जाणार हाय.”

“जाऊ द्या की. ह्या पंचनाम्याची नक्कल लावून जाऊ द्या. अर्जात हितसंबंध लिवायचा रकाना हाय. मीटरचं लिवलो. हे लिवलो न्हाई तर ते खोटं होतंय.”

मंत्र्यांनी त्यांचा हात सोडला. मग माझ्याकडे वळून त्यांनी माझं नाव विचारलं. मी सांगितलं. गाडी आली तशी परत गेली. पुतण्याने दंड भरला आणि वर्षभर साहेबांशी बोलला नाही. साहेबांनी नक्कल खरोखरच रजिस्टर पोस्टाने बेंगळूरला पाठवली आणि पावती मला दाखवली.

पुढे जे व्हायचं ते झालं. साहेबांचा पंचनामा नियमाप्रमाणे फाईलला लागला, आणि फाईलवर कुणीतरी लिहिलं, की या उमेदवाराच्या कार्यक्रमात वीजचोरी आढळली आहे. तक्रार त्यांनीच केली होती, हे लिहायला जागा उरली नसावी. खुर्ची दुसऱ्या नावाला गेली. तो माणूस वाईट नव्हता, उगीच का खोटं बोलू? पण त्याने कधी फीडरवर पाय ठेवला नव्हता. साहेबांचा पासष्टावा वाढदिवस आला आणि गेला. त्याच आठवड्यात माझ्या हातात बदलीचा हुकूम पडला. आळंद तालुक्यातलं निंबर्गा. प्रशासकीय कारण. मुलं बीदरच्या शाळेत, नवऱ्याची नोकरी बीदरला, आणि मी कलबुर्गीच्याही पलीकडे.

हुकूम पर्समध्ये घालून मी साहेबांकडे गेले. त्यांना सांगायचं नाही असं ठरवूनच गेले होते. ते टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होते. अक्कांनी पाणी दिलं आणि न बोलता आत गेल्या. त्या घरात अक्का बोलल्या नाहीत असं मी कधी बघितलं नव्हतं.

“साहेब, वाईट वाटलं का?” मी विचारलं.

या माणसाने आयुष्यात कधी डोकं दुखतंय असंही कबूल केलेलं नव्हतं. मला वाटलं, उडवून लावतील.

“व्हय,” ते म्हणाले. “लई वाटलं. चार दिस घराबाहेर पडलो न्हाई. खोटं कामून सांगू?”

“माझ्या सहीनं गेलं सगळं.”

तेव्हा मात्र ते चिडले. “तुझ्या सहीनं? तक्रार कुणाची होती? तू सही करायची न्हाई म्हणली असतीस, तर ती खुर्ची घेऊन मी काय केलो असतो? समोर तक्रार घेऊन आलेल्या माणसाला काय तोंड दाखवलो असतो?” मग त्यांनी विचारलं, “पुन्हा कुणी तसंच येऊन सांगितलं, तर लिवून घेशील का?”

पर्स माझ्या मांडीवर होती. मला माझी मुलं आठवली, पहाटेची बस आठवली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. दर वेळी परीक्षा माझीच कामून? पण त्या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनीच शिकवलेलं होतं.

“घेईन,” मी म्हणाले. आणि ठरवलं होतं ते विसरून मी हुकूम काढून त्यांच्यासमोर ठेवला.

साहेबांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत तो कागद वाचला, उलटा करून मागेही बघितलं. मला वाटलं आता त्यांचे डोळे भरणार. ते ताडकन उठले, दार उघडलं आणि कुंपणाशी जाऊन शेजारच्या निवृत्त शिक्षकांना हाक मारली.

“गुरुजी! अहो गुरुजी! आमच्या पोरीची बदली झाली!”

गुरुजी धावत बाहेर आले. “बढती झाली काय?”

“बढती न्हाई, बदली! निंबर्ग्याला!”

“अरेरे. लांब हाय की हो. वाईट झालं.”

“वाईट काय झालं? मंत्री येणार होता त्या मांडवातली चोरी लिवली म्हणून झाली! मंत्र्याची गाडी समोर आली, गुरुजी, आन् हिनं सही केली! ही, ही बघा, हिनं! माझ्या हाताखाली शिकली हाय ही!” मागे दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि पदराने डोळे पुसत हसत होत्या.

 गुरुजींनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि शेवटी कुंपणावरून हात जोडून म्हणाले, “अभिनंदन, बाई.”

मी आभार मानायला तोंड उघडलं, तोवर साहेब हुकूम हातात घेऊन पुढच्या घराकडे निघाले होते.